पायाच्या शिरांची डॉपलर तपासणी : क्रम चुकला की निदान चुकते

पायाच्या शिरांच्या डॉपलरमध्ये, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, दोन निरनिराळ्या प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात. शिरेत रक्ताची गुठळी आहे का, हा पहिला प्रश्न. आणि झडपा निकामी होऊन रक्त उलटे खाली येते का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर रुग्ण आडवा असताना मिळते आणि दुसऱ्याचे तो उभा राहिल्यावरच मिळते. प्रत्यक्षात मात्र रुग्णाला एकदा झोपवून दहा मिनिटांत दोन्ही उत्तरे लिहिली जातात, आणि त्यातले दुसरे बहुधा चुकीचे असते. हा लेख नव्याने ही तपासणी करू लागलेल्या डॉक्टरांसाठी आणि अहवाल वाचून उपचार ठरवणाऱ्या सहकाऱ्यांसाठी लिहिला आहे. पायाच्या नसा फुगलेल्या रुग्णालाही तो वाचून आपली तपासणी नीट झाली की नाही हे ओळखता यावे, अशी इच्छा आहे.

एसटीतले एक वाहक माझ्याकडे आले तेव्हा त्यांच्या डाव्या पोटरीवर करंगळीएवढ्या जाड, वळणावळणाच्या शिरा होत्या आणि आतल्या घोट्याजवळची कातडी काळवंडून कडक झाली होती. हातातल्या अहवालात मात्र ‘झडपा कार्यक्षम, उलटा प्रवाह नाही’ असे लिहिले होते. त्यांना स्टुलावर उभे करून पोटरी दाबून सोडली, तर मांडीतल्या मोठ्या सॅफिनस या वरवरच्या शिरेत चार सेकंद रक्त खाली वाहत राहिले. यंत्र त्याच दर्जाचे होते आणि शीरही तीच होती. पहिल्या वेळी रुग्णाला उभे केलेले नव्हते, एवढाच फरक होता.

टप्पा 1 : प्रोब (यंत्राचा कातडीवर टेकवायचा भाग) हातात घेण्यापूर्वी शिरांची नावे पक्की करा

पायात शिरांचे दोन थर असतात. स्नायूंच्या आवरणाखाली, धमनीच्या सोबतीने जाणाऱ्या त्या खोल शिरा. आणि कातडी व ते आवरण यांच्या मधल्या त्या वरवरच्या शिरा. दोन्ही थरांना जोडणाऱ्या, आवरण भेदून जाणाऱ्या शिरांना परफोरेटर म्हणतात. निरोगी पायात रक्त वरवरच्या थरातून खोल थरात आणि तिथून वर हृदयाकडे जाते, आणि झडपा त्याला परत फिरू देत नाहीत. स्थिर उभ्या माणसाच्या घोट्याजवळ शिरेतला दाब साधारण 90 मिलिमीटर पाऱ्याइतका असतो. चालताना पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात आणि हा दाब निम्म्याहून खाली उतरतो. झडपा बिघडल्या की चालूनही दाब पुरेसा उतरत नाही. सूज, काळे डाग, इसब आणि शेवटी न भरणारी जखम ही सगळी त्या न उतरणाऱ्या दाबाची फळे आहेत.

खोल शिरा खालून वर अशा मोजाव्यात : पोटरीतल्या पोस्टिरियर टिबियल, पेरोनियल आणि अँटिरियर टिबियल या जोडशिरा, स्नायूंच्या आतल्या सोलियल व गॅस्ट्रोक्निमियस शिरा, गुडघ्याच्या लवणीतली पॉप्लिटियल, मांडीतली फेमोरल, जांघेतली कॉमन फेमोरल आणि ओटीपोटातल्या इलियाक. वरवरच्या शिरांपैकी मोठी सॅफिनस आतल्या घोट्याच्या पुढून निघून मांडीच्या आतल्या बाजूने जांघेत कॉमन फेमोरलला मिळते. लहान सॅफिनस बाहेरच्या घोट्याच्या मागून पोटरीच्या मधोमध वर चढते आणि बहुतेकदा लवणीत पॉप्लिटियलला मिळते. मात्र हे मिळण्याचे ठिकाण माणसागणिक बदलते, आणि कित्येकांत ती लवणीत न मिळता मांडीच्या मागून तशीच वर जाते.

इशारा : मांडीतल्या फेमोरल शिरेला पूर्वी ‘सुपरफिशियल फेमोरल व्हेन’ म्हणत असत. ही शीर खोल आहे. नावात ‘सुपरफिशियल’ असल्यामुळे तिच्यातली गुठळी वरवरची समजून रुग्णाला केवळ वेदनाशामक व मलम देऊन घरी पाठवल्याचे मी पाहिले आहे, आणि अशी गुठळी फुफ्फुसापर्यंत जाऊ शकते. या नावामुळे होणारे अनर्थ टाळण्यासाठीच 2001 साली रोम येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहमतीत ते वगळून ‘फेमोरल व्हेन’ हे नाव स्वीकारले गेले. अहवालात जुने नाव कधीही लिहू नये.

टप्पा 2 : रुग्णाला आधी विचारा, मग पाय हाताने पाहा

तपासणीच्या खोलीत रुग्ण आल्याबरोबर जेल लावण्याची घाई करू नये. सूज किती दिवसांची आहे, एका पायाला की दोन्ही पायांना, मागच्या तीन महिन्यांत मोठी शस्त्रक्रिया किंवा प्लॅस्टर झाले होते का, तीन दिवसांहून अधिक काळ अंथरुणाला खिळून होते का, कर्करोगाचे उपचार चालू आहेत का, पूर्वी गुठळी झाली होती का, हे विचारून घ्यावे. नडगीच्या वरच्या टोकाला, गुडघ्याखाली हाताला लागणारा हाडाचा उंचवटा शोधून त्याच्या 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर टेपने मोजावा. दोन्हींत 3 सेंटिमीटरहून जास्त फरक असेल, तर गुठळीचा संशय बळावतो. हे मोजायला एक मिनिट लागतो, तरीही बहुतेक ठिकाणी ते होत नाही.

इशारा : पाय सुजलेल्या रुग्णाला अचानक दम लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा खोकल्यातून रक्त पडत असेल, तर डॉपलरची रांग सोडून त्याला तातडीच्या विभागात पाठवावे.

दाबाचे मोजे किंवा क्रेप बँडेज असेल, तर ते काढून काही वेळ रुग्णाला खोलीतच फिरू द्यावे. खोली थंडगार असेल तर शिरा आकसतात, म्हणून वातानुकूलन कमी करावे आणि जेल कोमट करून घ्यावे. उलट्या प्रवाहाची तपासणी शक्यतो दिवस चढल्यावर, रुग्ण काही तास हिंडूफिरून आल्यावर ठेवावी. रात्रभर आडवे राहून सकाळी लवकर आलेल्या माणसात सौम्य दोष झाकला जाऊ शकतो. जेवणाचे पथ्य लागत नाही. उलट, उपाशीपोटी आलेल्या माणसाला उभे ठेवले तर भोवळ येण्याची शक्यता वाढते, हे त्याला फोनवरच सांगून ठेवावे.

पूर्व विदर्भात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात हत्तीरोगाचा प्रादुर्भाव असल्याने, तिथल्या रुग्णाच्या एका पायाची जुनाट सूज शिरांची असेलच असे नाही. पावलाच्या पाठीवरची सूज, बोटांच्या मुळाशी चिमटीत न येणारी जाड कातडी आणि वारंवार येणारा थंडीताप ही लसिकावाहिन्यांच्या आजाराची खूण आहे. तरीही डॉपलर करावे, कारण दोन्ही आजार एकाच पायात असू शकतात.

टप्पा 3 : यंत्र शिरेच्या वेगाला जुळवा

मांडी आणि पोटरीसाठी साधारण 5 ते 12 मेगाहर्ट्झचा लिनिअर प्रोब घ्यावा. पाय फार जाड असेल किंवा इलियाक शिरा पाहायच्या असतील, तर पोटाचा वाकडा प्रोब लागतो. शिरांतला प्रवाह संथ असतो, म्हणून रंगाचा वेगमापक सेकंदाला 5 ते 10 सेंटिमीटरच्या आसपास उतरवावा आणि वॉल फिल्टर (संथ हालचालींचे संकेत गाळणारी सोय) कमीत कमी ठेवावा. धमनीच्या तपासणीनंतर ही मापे तशीच राहिली, तर निरोगी शीरही रिकामी दिसते आणि तिच्यात गुठळी असल्याचा भास होतो. वेग किंवा प्रवाहाचा आलेख नोंदवताना ध्वनिलहरी आणि रक्तप्रवाह यांच्यातला कोन 60 अंशांपेक्षा जास्त नसावा.

टप्पा 4 : रुग्ण आडवा – खोल शिरा दाबून पाहा

रुग्णाला पाठीवर झोपवून पलंगाचे डोके 30 अंश उचलावे, म्हणजे पायांत रक्त साठून शिरा भरतात. मांडी बाहेरच्या बाजूला वळवून गुडघा थोडा वाकवावा. आता प्रोब शिरेला आडवा धरून जांघेत ठेवावा. तिथे कॉमन फेमोरल धमनी, कॉमन फेमोरल शीर आणि तिला येऊन मिळणारी मोठी सॅफिनस अशी तीन वर्तुळे एकत्र दिसली, की सुरुवातीचे ठिकाण सापडले असे समजावे.

1. इथून खाली दर 2 सेंटिमीटरवर प्रोबने सरळ खाली दाब द्यावा. शिरेच्या दोन्ही भिंती एकमेकींना पूर्ण टेकल्या पाहिजेत.

2. दाब पुरेसा पडला का, हे शेजारच्या धमनीवरून ओळखावे. धमनी किंचित चपटी होऊ लागली तरी शीर मिटत नसेल, तरच ‘दबत नाही’ असे म्हणावे.

3. मांडीच्या खालच्या तिसऱ्या भागात, ॲडक्टर कॅनालमध्ये, फेमोरल शीर खोल जाते आणि वरून दाबून मिटत नाही. तिथे मोकळा हात मांडीखाली घालून मांस प्रोबकडे वर ढकलावे. हा भाग ‘दिसला नाही’ म्हणून सोडून देणे ही नेहमीची चूक आहे.

4. लवणीत पॉप्लिटियल शीर धमनीच्या वर, म्हणजे प्रोबच्या अधिक जवळ दिसते आणि हलक्या दाबानेच मिटते. प्रोब जोराने टेकवला तर ती आधीच मिटून दिसेनाशी होते. अशा वेळी हात सैल करावा.

5. पोटरीतल्या पोस्टिरियर टिबियल व पेरोनियल जोड्या घोट्याकडून वर शोधत याव्यात, आणि सोलियस स्नायूच्या आतल्या शिराही दाबून पाहाव्यात. शस्त्रक्रियेनंतर किंवा लांबच्या प्रवासानंतर होणारी गुठळी पुष्कळदा तिथेच सुरू होते.

उभ्या छेदात, म्हणजे प्रोब शिरेच्या लांबीच्या दिशेने धरून, दाब देऊन कधीही निष्कर्ष काढू नये. प्रोब शिरेवरून बाजूला सरकतो, पडद्यावरून शीर नाहीशी होते आणि ती मिटली असे वाटते. जांघेतली लसिकाग्रंथी आणि लवणीतला बेकर्स सिस्ट (सांध्यातल्या द्रवाची पिशवी) यांनाही घाईत गुठळी समजले जाते. प्रोब वरखाली सरकवला की ग्रंथी संपते आणि शीर पुढे चालू राहते. फेमोरल आणि पॉप्लिटियल शिरा काही माणसांत दुहेरी असतात. एक मोकळी सापडली म्हणून थांबल्यास दुसरीतली गुठळी राहून जाते.

पडताळणी : शिरेच्या आत धुरासारखे हलणारे करडे ठिपके दिसले, पण दाबल्यावर भिंती पूर्ण मिटल्या, तर ते संथ रक्त आहे. ती गुठळी नव्हे.

ताजी गुठळी शिरेला फुगवते, पडद्यावर काळसर दिसते आणि दाबल्यावर थोडी लवते. जुन्या आजारात शीर आकसलेली, भिंत जाड, आत पांढुरक्या दोऱ्या आणि आजूबाजूला पर्यायी वाटा दिसतात. अशा जुन्या खुणांना ‘क्रॉनिक डीव्हीटी’ (खोल शिरेतली जुनी गुठळी) न म्हणता ‘गुठळीनंतरचे जुने बदल’ असे लिहावे, कारण डीव्हीटी हा शब्द वाचला की वाचणारा डॉक्टर रक्त पातळ करण्याचे औषध पुन्हा सुरू करतो.

इशारा : ताजी गुठळी दिसली, विशेषतः तिचे टोक प्रवाहात तरंगत असेल, तर तिथे वारंवार दाब देऊ नये, पोटरी पिळू नये आणि उभ्याची तपासणी त्या दिवशी करू नये. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करून तशी वेळ अहवालात नोंदवावी.

टप्पा 5 : दोन्ही जांघांत श्वासाची लय ऐका

दुखणे एकाच पायाचे असले तरी जांघेतल्या प्रवाहाचा आलेख दोन्ही बाजूंनी घ्यावा. कॉमन फेमोरल शिरेतला प्रवाह श्वासाबरोबर कमीजास्त होतो. एका बाजूचा आलेख सपाट, अखंड पट्ट्यासारखा असेल, तर वर ओटीपोटात अडथळा असावा. पायभर सूज असून मांडी-पोटरीच्या शिरा व्यवस्थित दबत असतील, तेव्हा ही एकच खूण आपल्याला वाट दाखवते. डाव्या पायात असे अधिक आढळते, कारण डावी कॉमन इलियाक शीर उजव्या कॉमन इलियाक धमनीच्या आणि मणक्याच्या मधे दबू शकते. इथे पोटाच्या प्रोबने इलियाक शिरा पाहाव्यात. आतड्यातल्या वायूमुळे न दिसल्यास सीटी किंवा एमआर व्हेनोग्राफी सुचवावी. दोन्ही बाजूंचा आलेख हृदयाच्या ठोक्यांबरोबर उड्या मारत असेल, तर सुजेचे मूळ हृदयाच्या उजव्या बाजूत शोधावे लागते.

टप्पा 6 : रुग्ण उभा – उलटा प्रवाह मोजा

खोल शिरा मोकळ्या असल्याची खात्री झाल्यावरच रुग्णाला उभे करावे. हा क्रम उलटा करू नये. खोल वाट बंद असताना वरवरच्या फुगलेल्या शिरा हीच रक्ताची परतीची वाट असू शकते, आणि ती वाट लेझरने बंद केली तर पाय पूर्वीपेक्षा वाईट होतो.

रुग्णाला रुंद, न हलणाऱ्या स्टुलावर उभे करून हाताशी धरायला दांडा किंवा पलंगाची कड द्यावी. सगळा भार न तपासायच्या पायावर टाकायला सांगावे. तपासायचा पाय गुडघ्यात किंचित वाकवलेला, बाहेर वळवलेला आणि पूर्ण सैल हवा. पाय ताठ राहिला तर पोटरीचा पंप आधीच आवळलेला असतो आणि मोजमाप फसते. घाम फुटणे, जांभया येणे, चेहरा पांढरा पडणे ही भोवळीची पूर्वसूचना समजून त्याला ताबडतोब झोपवावे, आणि मदतनीस जवळ असल्याशिवाय ही तपासणी सुरूच करू नये.

मांडीत सॅफिनस शीर ओळखण्याची खूण म्हणजे आडव्या छेदात दिसणारा डोळा : वरखाली आवरणाच्या दोन पांढऱ्या रेषा म्हणजे पापण्या आणि मधले काळे वर्तुळ म्हणजे बुबुळ. या डोळ्याबाहेर, कातडीलगत नागमोडी जाणारी शीर ही फांदी असते. अहवालात फांदीलाच सॅफिनस म्हटले, तर लेझर करणारा शल्यविशारद ऐन शस्त्रक्रियेच्या वेळी अडतो.

आता प्रोब उभा करून शिरेवर आलेख सुरू करावा, दुसऱ्या हाताने पोटरी भक्कम दाबावी आणि झटकन सोडावी. दाबताना रक्त वर जाते. सोडल्यावर निरोगी झडप क्षणात मिटते. उलटा प्रवाह सोडल्यानंतरच मोजायचा असतो, म्हणून हात हळूहळू सैल केल्यास मोजमाप निरुपयोगी ठरते. वरवरच्या आणि पोटरीतल्या शिरांत 0.5 सेकंदाहून, तर कॉमन फेमोरल, फेमोरल आणि पॉप्लिटियल शिरांत 1 सेकंदाहून जास्त वेळ रक्त खाली आले तर तो दोष समजतात. फक्त रंग लाल-निळा बदलला म्हणून दोष लिहू नये. वेळ आलेखावरच मोजावी.

जांघेपाशी श्वास कोंडून कुंथायला सांगितले तरी झडपेची परीक्षा होते. मात्र वरची झडप धड असेल तर कुंथण्याचा दाब खाली पोहोचतच नाही, म्हणून गुडघ्याखाली ही युक्ती वापरू नये.

मोठी सॅफिनस जांघेपासून घोट्यापर्यंत, मग लहान सॅफिनस, मग मांडीच्या पुढून येणारी अँटिरियर सॅफिनस, अशा क्रमाने जावे. दोष कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो, हे दोन्ही लिहावे. फुगलेल्या फांद्या दिसत असून तिन्ही शिरा निर्दोष निघाल्या, तर मूळ सापडेपर्यंत फांदीमागून वर जात राहावे. अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रियांमध्ये हा माग मांडीच्या आतून योनीमार्गाच्या बाजूच्या शिरांपर्यंत आणि पुढे ओटीपोटात जातो. असे दुखणे या स्त्रिया वर्षानुवर्षे कुणाला सांगत नाहीत, म्हणून आपणच नीट विचारले पाहिजे. पाळीच्या दिवसांत किंवा दिवसभर उभे राहिल्यावर ओटीपोटात जडपणा वाढतो का, हा प्रश्न पुरतो.

शिरेची जाडी उभ्या स्थितीत, आडव्या छेदात, प्रोबचा दाब न देता मोजावी. पण शीर जाड आहे एवढ्यावरून ती निकामी ठरत नाही.

टप्पा 7 : परफोरेटर

प्रत्येक परफोरेटर नोंदवत बसू नये. भरलेल्या किंवा उघड्या जखमेखाली असलेला, 3.5 मिलिमीटर किंवा त्याहून जाड आणि 0.5 सेकंद किंवा अधिक वेळ बाहेरच्या दिशेने रक्त सोडणारा परफोरेटर महत्त्वाचा. त्याचे अंतर तळपायापासून सेंटिमीटरमध्ये लिहावे.

टप्पा 8 : अहवाल आणि नकाशा

अहवालात रुग्ण कोणत्या स्थितीत तपासला, हे पहिल्या ओळीत असावे. ‘उलटा प्रवाह उभ्याने तपासला’ हे वाक्य नसेल, तर वाचणाऱ्याने ‘झडपा कार्यक्षम’ या शब्दांवर विसंबू नये आणि रुग्णानेही तसे विचारावे. त्यानंतर खोल शिरा, वरवरच्या शिरा, परफोरेटर अशा क्रमाने लिहावे. पायाची अवस्था सी0 ते सी6 या श्रेणीत द्यावी : सी1 म्हणजे कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, सी2 म्हणजे 3 मिलिमीटर किंवा अधिक जाडीच्या फुगलेल्या शिरा, सी3 सूज, सी4 कातडीतले बदल, सी5 भरलेली जखम आणि सी6 उघडी जखम. वर सांगितलेल्या वाहकांचा पाय सी4 होता, म्हणजे जखमेच्या एक पायरी अलीकडे.

मोठ्या सॅफिनसमध्येच गुठळी असेल, तर तिचे वरचे टोक जांघेतल्या संगमापासून किती सेंटिमीटरवर आहे हे लिहिल्याशिवाय अहवाल अपुरा आहे. हे अंतर 3 सेंटिमीटर किंवा त्याहून कमी असल्यास तिच्यावर खोल शिरेतल्या गुठळीप्रमाणेच उपचार करतात.

जखमेवर दाबाचे मोजे किंवा पट्टा सुचवण्यापूर्वी पावलावरच्या आणि घोट्यामागच्या धमनीचा ठोका हाताने पाहावा, शंका असल्यास घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढावे. मधुमेही आणि तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्या रुग्णांत हे चुकवू नये. धमनीतून पुरेसे रक्त येत नसताना घट्ट पट्टा बांधला तर पाय काळा पडू शकतो. मधुमेह्याच्या घोट्याजवळच्या धमन्या कधी कडक होऊन दाब खोटा जास्त दाखवतात. तिथे धमनीचा आलेखही पाहावा.

पोटरीच्या शिरा सुजेमुळे दिसल्या नाहीत, तर तसे स्पष्ट लिहून ‘5 ते 7 दिवसांनी पुन्हा तपासणी’ ही सूचना तारखेसह द्यावी. ती रुग्णाला मराठीत समजावून सांगावी, कारण पाय उतरला की बहुतेक जण परत येत नाहीत.

लेझर किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर त्याच दिवशी सकाळी रुग्णाला पुन्हा उभे करून शिरेचा मार्ग कातडीवर आखावा. आडव्या पायावर आखलेल्या रेषा आणि उभ्या पायातल्या शिरा जुळत नाहीत. आखण्यापूर्वी जेल पुसून पाय कोरडा करावा, ओल्या कातडीवर मार्कर धरत नाही. आणि सॅफिनसची रेषा सलग, फांद्यांची तुटक आणि परफोरेटर फुलीने, अशा खुणा शल्यविशारदाशी आधीच ठरवून घ्याव्यात.